महादेवाच्या देवळाला सिमेंट नको

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आमच्या गावच्या महादेवाला जीर्णोद्धाराचा निधी मिळाला, त्याबद्दल आधी आभार. आता तो खर्च कसा होतोय ते ऐका.

गेल्या महिन्यात सभामंडपाचे खांब सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, 'स्वच्छ' झाले. जुना ऑइल पेंट गेला, आणि कोरीव कीर्तिमुखांचे दातही. आता दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरणं चालू आहे.

साहेब, देऊळ हेमाडपंती आहे. दगड खाचेत दगड बसवून रचलेत, मध्ये चुनासुद्धा नाही. इतक्या पावसाळ्यांचं पाणी या कोरड्या सांध्यांतूनच निघून गेलं. ती वाट बुजवली की ओल दगडातच कोंडते. आपला काळा पाषाण टणक म्हणतात, पण त्यातले काही थर जाळीदार असतात, पाणी पितात. सिमेंटमधले क्षार त्या पाण्याबरोबर आत शिरतात. ऊन पडलं की पाणी उडून जातं, क्षारांचे खडे पृष्ठभागाखाली वाढतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. याला आम्ही लोणा म्हणतो. घराच्या भिंतीचा लोणा खरवडून नवा गिलावा करता येतो. द्वारपालाच्या चेहऱ्याला गिलावा करायचा का?

कंत्राटदाराला बोल लावत नाही. अंदाजपत्रकातच 'सिमेंट पॉइंटिंग' आहे, तो लिहिलेलं करतोय. म्हणून हे पत्र आपल्याला. 2024 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात नंतर बसवलेल्या फरश्या काढून मूळ दगड मोकळा केला. तिथे जमलं, ते लहान देवळांच्या अंदाजपत्रकात का येत नाही?

आमचं खरं दुखणं वर आहे. शिखर नंतरचं, विटा-चुन्याचं. त्यावर पिंपळ उगवलाय. गेल्या वर्षी कुणीतरी तो ओढून काढला, मूळ आतच राहिलं आणि फट रुंदावली. तिथे चुनाच हवा, भिजवून मुरवलेला, चुन्याच्या घाण्यात मळलेला. वेळ लागतो, मान्य. पण आधी गळती थांबली तर खालच्या निम्म्या कामाची गरजच उरणार नाही.

पुढचा हप्ता सोडण्याआधी सिमेंट थांबवा आणि पुरातत्त्व विभागाचा एक जाणकार पाठवा. पावसाला दोन महिने आहेत. गळती उत्तरेच्या अंगाला आहे. शिडी आम्ही देतो.

आपला,
एक ग्रामस्थ