लंडनच्या पोलीस कमिशनरांना खुलं पत्र

सर मार्क रौली साहेब, नमस्कार.

परवा बो स्ट्रीटच्या जुन्या पोलीस स्टेशनात आता जे म्युझियम झालंय ते बघायला गेलो होतो, आणि त्या कोठड्यांसमोर उभं राहिल्यावर मला कैदी आठवलेच नाहीत, आठवले ते नॉरवेल रॉबर्ट्स. १९६७ ला ते मेट पोलिसात, म्हणजे तुमच्या लंडनच्या पोलीस दलात लागले, त्या काळात फोर्समधले पहिले ब्लॅक ऑफिसर, पोस्टिंग इथलंच. पेपरात कौतुकाने फोटो आले आणि आत काय चाललेलं, तर युनिफॉर्मची बटणं तोडायची, अंगावर गरम चहा टाकायचा. सार्जंटनेच सुरुवातीला सुनावलं की तुझं प्रोबेशन पूर्ण होऊ देणार नाही. तरी माणसाने ३० वर्षं काढली हो. तक्रार करणार तरी कोणाकडे, वरचाच तसा!

हे जुनं झालं असं म्हणू नका साहेब. स्टीफन लॉरेन्स या ब्लॅक तरुणाच्या वंशद्वेषातून झालेल्या खुनानंतर १९९९ ला मॅकफर्सन चौकशी अहवालाने तुमच्या फोर्सला संस्थात्मक वंशवादी म्हटलं, म्हणजे वंशवाद अख्ख्या सिस्टीममध्येच मुरलेला, २०२३ ला मेटच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या लुईस केसी बाईंच्या अहवालाने परत तेच. त्यात शीख ऑफिसरची पगडी बुटाच्या खोक्यात टाकल्याचं वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. आणि गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा ब्लॅक ऑफिसरांवर गैरवर्तनाचे आरोप लागण्याची शक्यता ८१ टक्के जास्त! म्हणजे ज्याला त्रास होतो त्याचीच फाईल उघडते, मग तो तोंड कशाला उघडेल?

तुम्ही निष्कर्ष मान्य केलेत पण 'संस्थात्मक' हा शब्द वापरणार नाही म्हणालात, तो राजकीय झालाय म्हणून. मला हे अजिबात पटलं नाही. दोष चारदोन माणसांचा म्हटलं की ब्लॅक कॉन्स्टेबलला प्रत्येकाशी एकट्याने भांडत बसावं लागतं, सिस्टीमचा म्हटलं की ते काम तुमच्यावर येतं, एवढा फरक पडतो एका शब्दाने.

नवीन भरतीच्या जाहिराती चांगल्याच आहेत, पण माझं मागणं वेगळं आहे. ब्लॅक ऑफिसरवर चौकशी लावायची असेल तर ती लावायची की नाही हे त्याच्या साहेबाने नाही, त्या युनिटच्या बाहेरच्या माणसाने ठरवावं. आणि ज्यांनी वंशवादाची तक्रार केली त्यातले किती जण दोन वर्षांनी नोकरीत आहेत, कितींवर उलट चौकशी लागली, हा आकडा दरवर्षी लोकांसमोर ठेवा, यावर्षीपासून.

आपला,
लंडनमधला एक मराठी माणूस