गुरांचे वेड नव्हे, दुष्काळाचा विमा

महोदय,

आफ्रिकेतील पशुपालकांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात ‘हे लोक केवळ प्रतिष्ठेसाठी गुरांचे कळप वाढवतात’ असे विधान हमखास येते. या समजाला मेल्व्हिल हर्सकोव्हिट्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाच्या १९२६ मधील लेखनाने बळ मिळाले. पूर्व आफ्रिकेतील गुरांभोवतीच्या चालीरीतींच्या समूहाला त्याने ‘कॉम्प्लेक्स’ म्हटले होते. पुढे मात्र त्याचा अर्थ मानसिक गंड असाच घेतला गेला.

वास्तविक, जेथे पावसाचा भरवसा नाही तेथे मोठा कळप हाच विमा असतो, कारण दुष्काळात निम्मी गुरे दगावली तरी उरलेल्यांतून कळप पुन्हा उभा करता येतो. मसाई पशुपालक आपली काही जनावरे दूरच्या नातलगांकडे ठेवतात, तीही जोखीम विभागण्यासाठीच. (आपल्या शब्दातले ‘पशुधन’ ते अक्षरशः जगतात.) १८९०च्या दशकातील बुळकांडीच्या साथीने बहुतेक गुरे गमावलेल्या मसाईंना हा हिशेब कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

ब्रिटिश सरकारला मात्र तो उमगला नाही. केनियात १९३८ मध्ये अकांबा लोकांची ‘जास्तीची’ गुरे सक्तीने विकण्यात आली, तेव्हा मुइंदी म्बिंगू यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष नैरोबीपर्यंत चालत गेले आणि अखेर ती सक्ती मागे घ्यावी लागली.

शिवाय, गुरांमध्ये जीवघेणा रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीमुळे काँगो खोऱ्यातील जंगलात गुरे फारशी टिकतच नाहीत. तेव्हा निदान सरसकट ‘आफ्रिकन लोक’ असे लिहिणे तरी टाळावे.

– एक वाचक, सातारा