त्रोस्कीहून आल्यावर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

शनिवार-रविवार चेस्की रायला, इथल्या चेक देशातल्या सुळक्यांच्या मुलखात, जाऊन आले. प्रागहून रेल्वेने तुर्नोव्ह, तिथून पुढे पायी. ‘राय’ म्हणजे स्वर्ग. पाइनच्या रानातून चालता चालता एकदम पिवळसर सुळक्यांची गर्दी समोर येते, आणि नाव पटतं.

बाबा, राजगडावर तुम्ही म्हणायचात, “आधी दगड ओळख, मग पाय टाक.” ते इथे फार आठवलं. रात्री पाऊस झाला होता, तर सकाळी एकाही सुळक्यावर दोर दिसला नाही. हा वाळूचा दगड भिजला की कच्चा होतो, धरलेली पकड हातात तुटून येते. म्हणून सुकेपर्यंत चढायचं नाही. एरवीसुद्धा दोराच्या आधारासाठी भेगेत लोखंड अडकवत नाहीत. कापडी पट्टीला गाठ मारून ती गाठच भेगेत बसवतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातली ही वाळू. नुसता हात फिरवला तरी कण तळव्याला लागतात.

त्रोस्की गडावर पोचले आणि दगड बदलला. काळा, टणक. बाबा, बेसाल्ट! लाव्हा वाळूच्या दगडातून वर आला, थिजला, आणि भोवतालचा मऊ दगड झिजून गेल्यावर हे दोन सुळके उरले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दोन्हींच्या माथ्यावर एकेक बुरूज चढवला. उंच, सडपातळ तो ‘पान्ना’, म्हणजे कुमारिका. ठेंगणा तो ‘बाबा’. चेक भाषेत बाबा म्हणजे म्हातारी! ते नाव वाचलं आणि तुमच्या आठवणीने गळा दाटून आला. कातळाला हात लावून बराच वेळ उभी राहिले. सह्याद्रीतल्यासारखाच गार लागला.

आई, तुझे गुडघे डोक्यात ठेवूनच सगळं बघत होते. ह्रुबा स्कालाजवळ ‘उंदराचं बीळ’ नावाची चिंचोळी घळ आहे, खड्या पायऱ्यांची. तिथे तुला नेणार नाही. कोस्त गड मात्र तुला झेपेल. रस्त्यापासून जवळ, खाली तळं, आणि अजून छपरासकट उभा. कोस्त म्हणजे हाड. तसाच चिवट आहे.

सप्टेंबरात याच. तेव्हा ऊन सौम्य असतं. बाबा, ट्रेकचे जुने बूट आणा, पण तळवे आधी बदलून घ्या. मागच्या वेळी पाहिले तेव्हा पार गुळगुळीत झाले होते.

तुमची लेक