जॉबवर्क

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सांगत होती, उद्यमबागेतल्या कारखान्यांतले तुमचे जुने सोबती घरी येऊन गेले. चहा पिताना त्यांनी विचारलं, "थोरला काय करायलाय आता?" आणि बाबा, तुम्ही म्हणालात, "वाजवतोय की कुठंतरी." आई हे सहज बोलून गेली आणि लगेच येळ्ळूरच्या तांदळाचा भाव सांगू लागली. माझं मन मात्र तिथंच अडकलं. राग नाही आला. वीस-बावीस वर्षं मी हे काम करतोय आणि ते काय असतं हे घरी एकदाही धड बसून सांगितलेलं नाही, याचं वाईट वाटलं. फोनवर जमणार नाही, म्हणून लिहितोय.

बाबा, मी जॉबवर्क करतो.

तुमच्या लेथच्या शेडमध्ये अख्खं मशीन कधी तयार झालं नाही. कुणाची बुश यायची, कुणाचा शाफ्ट. ड्रॉइंग पार्टीचं, माल पार्टीचा. तुम्ही तो मापात बसवून द्यायचात आणि टेम्पो भरून जायचा. पुढे तो पंप कुठल्या शिवारात पाणी उपसतोय हे तुम्हाला कळायचंसुद्धा नाही. माझंही तसंच आहे. गाणं दुसऱ्याचं, आवाज दुसऱ्याचा, पोस्टरवर फोटोही त्याचाच. मला निरोप येतो, "उद्या दहाला या, दोन कडव्यांच्या मधली जागा भरायचीय." जायचं, गाणं ऐकायचं आणि तिथं जे बसेल तेच गिटारवर वाजवायचं. रॉकवाल्यांच्या रेकॉर्डिंगला तर एकच तुकडा दोनदा वाजवावा लागतो, एक डाव्या स्पीकरसाठी, एक उजव्या. एकदा वाजवून त्याचीच नक्कल दुसरीकडे टाकली तर चालत नाही. कानाला ते मधोमध एकच गिटार ऐकू येतं. दोन्ही वेळा हातानंच वाजवायचं, आणि दोन्हींत फरक राहिला तरी तो टॉलरन्सच्या आत हवा. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा तुमची आठवण झाली होती. तुम्ही एकाच ड्रॉइंगच्या दोनशे बुशी काढायचात आणि शेवटचीही पहिलीसारखीच यायची.

गेली सात-आठ वर्षं मी प्रोड्यूसर म्हणूनही काम करतो. आई, प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा शेटजी नव्हे. सिनेमात तसा अर्थ होतो, रेकॉर्डिंगच्या कामात तो फोरमन असतो. गाणं कुठल्या पट्टीत घ्यायचं, लय किती ठेवायची, ड्रम कधी थांबवायचे, गायकाला चौथ्यांदा गायला लावायचं की पहिलंच ठेवायचं, हे सगळं त्याच्याकडे. यातलं निम्मं काम काढून टाकण्याचं असतं. पोरं बँड घेऊन येतात, चार गिटार एकावर एक चढवलेल्या असतात. दोन काढल्या की गाणं श्वास घ्यायला लागतं. अॅम्पच्या स्पीकरसमोरचा माइक मधल्या टोपीवरून कडेकडे बोटभर सरकवला तरी धारदार आवाज गोल होतो. अशा बोटभर अंतरात माझा कधी कधी अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस मला फार आवडतो.

आपल्या बेळगाव भागात वाढल्याचा उपयोग होतो तो असा. बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून जातो आणि कन्नड गाण्याच्या ओळी मला अर्थासकट कळतात. बाजारात भाव करताना शिकलेलं कन्नड! शब्द कुठं तुटतो हे कळलं की गिटार त्या शब्दाच्या आडवी येत नाही. पुण्यामुंबईचे वादक तिथं विचारत बसतात. पुण्यात मात्र माझं "करायलाय, जायलाय" ऐकून लोक पहिली दोन-तीन वर्षं हसायचे. आता हसत नाहीत, आणि मी बोलणंही बदललेलं नाही.

यावरून एका माणसाबद्दल सांगतो. मिक रॉन्सन त्याचं नाव. इंग्लंडातल्या हल गावचा, 1946 चा जन्म. गिटार वाजवून पोट भरेना म्हणून पालिकेत माळीकाम करत होता. 1970 साली तो खेळाच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारत असताना त्याचा जुना सोबती त्याला लंडनला, डेव्हिड बोवी या गायकाकडे वाजवायला न्यायला आला. पुढे हा बोवी जगभर गाजला, आणि त्याच्या त्या काळच्या आवाजात अर्धा हात या माळ्याचा होता. गिटार वाजवायचा, आणि व्हायोलिनवाल्यांनी काय वाजवायचं तेही लिहून द्यायचा. 1972 साली लू रीड या अमेरिकन गायकाची रेकॉर्ड त्यानं बोवीबरोबर प्रोड्यूस केली. रीडला त्याची हलची बोली कळायची नाही, पुन्हा पुन्हा विचारावं लागायचं. काम मात्र अडलं नाही. त्याच्या स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डी मोठ्या झाल्या नाहीत. तो दुसऱ्यांचीच गाणी उभी करत राहिला, आजार कळल्यानंतरसुद्धा, आणि 1993 मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांना आजही त्याचं नाव ठाऊक नाही. वाजवणाऱ्यांना मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

आई, तू म्हणायचीस, कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, तसं काही शिकला असतास. त्यांचं गाणं तू लावायचीस म्हणून माझा कान तयार झाला, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. पण मैफलीत मधोमध बसणारा मी नव्हेच. चोरल्याचा घाट उतरला की पलीकडे गोव्यातले केवढे वादक हिंदी सिनेमासाठी मुंबईला गेले! सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधला. ती गाणी तुला तोंडपाठ आहेत. मला त्या रांगेत कुठंतरी शेवटी उभं राहायचं आहे, इतकंच.

सगळं बरं चाललं असंही नाही. 2009 साली एकानं चार महिन्यांच्या कामाचे पैसे बुडवले. त्या वर्षी गणपतीला आलो नाही आणि "रेकॉर्डिंग आहे" असं सांगितलं, ते खोटं होतं. घरी मोकळ्या हातानं यायचा धीर झाला नाही. आईनं माझ्या वाटणीचे मोदक शेजारच्या पोराला दिले म्हणे. ते खोटं इतकी वर्षं टोचत होतं.

आता मूळ काम. बाबा, मी डिप्लोमा सोडला तेव्हा तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलला नव्हतात. त्याच पावसाळ्यात मी काचेच्या बाटलीची मान बोटात घालून, सूर घसरवायला गिटारच्या तारांवर घासत बसलो होतो आणि तुम्ही दारातून बघत होतात. काही न बोलता आत आलात, खिशातून व्हर्नियर काढून माझी करंगळी मोजलीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीत कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेली पितळेची नळी होती. आतली कड मोडलेली, कापताना कडेला उरते ती बर कुठंही नाही, बाहेरून आरशासारखी. तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं की ती इतकी गुळगुळीत लागते. त्या नळीचा आवाज आजवर चाळीसेक गाण्यांत गेलाय. लोक विचारतात, कुठल्या कंपनीची?

गेल्या महिन्यात ती स्टुडिओच्या फरशीवर पडली. काठाजवळ खाच पडली आहे आणि तिथं तार घासली की खरखर येते. इथं दुकानांत मिळतात, तीन आणून बघितल्या. एक हलकी आहे, दोन बोटात फिरतात.

शेड भाड्यानं दिली असली तरी लेथ अजून तिथंच आहे ना? गुडघा दुखत असेल तर घाई नको, खुर्ची घेऊन बसा. करंगळी तेव्हापेक्षा जाड झाली आहे, काल मोजली, 18.6 मिमी भरली. आतला बोअर 19.5 ठेवा, लांबी 60, भिंत 3 मिमी. पितळच हवं. एक बाजू बोटासाठी चांगली गोल करा. दिवाळीच्या आधी चार दिवस मोकळे आहेत, तेव्हा घ्यायला येतो. गिटार आणि छोटे स्पीकर बरोबर आणतो, कोणत्या गाण्यात तुमची नळी आहे ते एकेक करून वाजवून दाखवतो. तुमच्या त्या सोबत्यांनाही बोलवा.

तुमचा,
थोरला