दगड नको, साचा छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थ्रीडी प्रिंटरवर कृत्रिम खडक छापून त्याच्या ताकदीच्या चाचण्या घेणे हा अभियांत्रिकीच्या प्रकल्पांसाठी चांगला विषय आहे. पण प्रिंटरवर पैसे घालण्याआधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, म्हणून हे पत्र.

मुळात खडक छापायचा कशाला? निसर्गात एकासारखा दुसरा तुकडा मिळत नाही म्हणून. दख्खनच्या बेसाल्टमध्ये एकाच पेटीतल्या शेजारच्या दोन कोअरपैकी (खडकात भोक पाडून काढलेल्या दंडगोल तुकड्यांपैकी) एक ठोस निघतो, दुसरा झिओलाइट या खनिजाने भरलेल्या पोकळ्यांचा. सांध्यांचे, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांचे, दुखणे त्याहून मोठे. सांधा घसरायला किती विरोध करतो हे काढायचे तर वेगवेगळ्या उभ्या दाबाखाली तो चार-पाच वेळा सरकवावा लागतो, आणि पहिल्याच खेपेला त्याचे उंचवटे झिजतात. दुसऱ्या खेपेला तपासतो तो सांधा आधीचा उरलेलाच नसतो. तोच खडबडीतपणा वीस वेळा हुबेहूब हाती येणे, ही छपाईची खरी कमाई.

खडकाचा पर्याय म्हणून मात्र छापलेल्या तुकड्याकडे पाहू नये. जिप्सम पावडरच्या प्रिंटरमध्ये रोलर साधारण ०.१ मिमीचा थर पसरतो, प्रिंटरचे हेड त्यावर बाइंडर (पावडर चिकटवणारा द्रव) सोडते, तळ एक थर खाली जातो. ५४ मिमी व्यास आणि १३५ मिमी उंचीच्या उभ्या नमुन्याला असे १३५० थर लागतात. त्याची दाबशक्ती (किती दाबाला तो तुटतो) साधारण ५ ते १५ मेगापास्कल. ठोस बेसाल्ट सहज शंभरावर जातो. शिवाय थरांना काटकोनात दाबले तर एक आकडा मिळतो, समांतर दाबले तर दुसरा. म्हणून नमुना पावडरमधून काढल्याबरोबर त्यावर पेन्सिलने छपाईच्या दिशेचा बाण काढावा. नंतर आठवत नाही.

चुका बहुतेक छपाईनंतर होतात. खडकाच्या सवयीने नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला की जिप्सममधले स्फटिकजल निघू लागते आणि त्याचे पुन्हा प्लॅस्टर ऑफ पॅरिस व्हायला लागते. तो ४० अंशांवरच, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. ओलसर तपासला तर ताकद निम्म्यावरही येते. शोभेच्या वस्तू सुपरग्लूमध्ये बुडवून पक्क्या करतात, ती युक्ती इथे नको: गोंद आत सारखा मुरत नाही, बाहेर कवच आणि आत मऊ गाभा असा नमुना तयार होतो. बंद पोकळी छापली तर तिच्यातली सुटी पावडर बाहेर यायला वाट नसते. आपण 'पोकळी' म्हणतो ती भरलेलीच असते. बेसाल्टमधल्या बुडबुड्यांची नक्कल करणारे इथेच फसतात. आणि भेग फार बारीक ठेवली तर दोन्ही बाजूंचा बाइंडर पाझरून ती सांधली जाते.

चाचणीच्या यंत्राचेही तसेच. १० मेगापास्कलचा ५४ मिमी नमुना सुमारे २३ किलोन्यूटनला तुटतो. काँक्रीटचे क्यूब फोडणाऱ्या २००० किलोन्यूटनच्या यंत्रावर हे पूर्ण क्षमतेच्या जेमतेम एक टक्का होते. तिथल्या आकड्यावर विसंबू नये. ५० किंवा १०० किलोन्यूटनचे यंत्र हवे. खडकासाठी सुचवलेला सेकंदाला ०.५ ते १ मेगापास्कलचा वेगही चालत नाही, नमुना वीस सेकंदांतच संपतो. तो पाच ते दहा मिनिटांत तुटेल इतक्या संथ गतीने दाबावा. टोके ०.०२ मिमीपर्यंत सपाट लागतात आणि थरच ०.१ मिमीचा असतो, तेव्हा घासणे अटळ आहे. पण कोरड्या पॉलिश पेपरवर, पाण्याच्या ग्राइंडरवर नाही.

वाळूचे प्रिंटर फाउंड्रीच्या कोअरसाठी (ओतीव वस्तूत पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यांसाठी) असतात. त्यांतले वाळू चिकटवणारे फ्युरान रेझिन कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना वासानेच ओळखू येईल. दिसायला हा नमुना वालुकाश्माच्या जवळ जातो, पण तो खऱ्या वालुकाश्माहून बराच सच्छिद्र असतो आणि कणांना धरून ठेवते ते रेझिन, खनिज नव्हे. पारदर्शक रेझिनचा नमुना भेगा पाहायला उत्तम, मात्र थंड करून ठिसूळ केल्याशिवाय तो खडकासारखा तडकत नाही.

हे प्रिंटर लाखांच्या घरात जातात. सांध्यांचा अभ्यास करायचा असेल तर वीस-तीस हजारांच्या साध्या प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकचा साचा छापून त्यात प्लॅस्टरचे ओतकाम करणे आमच्या मते जास्त शहाणपणाचे. साच्यासाठी बार्टन आणि चौबे या संशोधकांनी १९७७ मध्ये दिलेल्या, सांध्याचा खडबडीतपणा ठरवायच्या दहा नमुना रेषा किंवा स्कॅन केलेला खरा सांधा, दोन्ही चालतात. एक काळजी घ्यावी. सांध्याची पाटी आडवी छापली की मंद उतारांवर पायऱ्या पडतात आणि त्याच खडबडीतपणा म्हणून मोजल्या जातात. पाटी उभी छापावी, सरकण्याची दिशा आडवी ठेवून. म्हणजे थरांच्या रेघा सरकण्याच्या दिशेनेच धावतात.

साच्याला तेलाचा पातळ हात द्यावा. १०० ग्रॅम प्लॅस्टरला ६० ते ७० ग्रॅम पाणी घ्यावे. पावडर पाण्यावर भुरभुरावी, मिनिटभर भिजू द्यावी, सावकाश ढवळावी, एका कोपऱ्यातून ओतून साचा ठोकावा. भरभर फेटले की हवेचे बुडबुडे नेमके सांध्याच्या पृष्ठभागावर येतात. सांध्याचा वरचा भाग खालच्यावरच ओतायचा. पण खालचा कोरडा असला तर वरच्याचे पाणी पिऊन टाकतो आणि वरचा सांधा भुसभुशीत राहतो. मध्ये साबणाच्या पाण्याचे दोन हात द्यावेत. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि घट्ट होताना प्लॅस्टर तापते. जाड ठोकळा एकदम ओतला तर साचा वाकतो, आणि पुढचे सगळे नमुने वाकड्या सांध्याचे निघतात. म्हणून दर चार-पाच ओतकामांनंतर साचा पुन्हा मोजावा.

– खडक-यांत्रिकीचे दोन अभ्यासक, पुणे