थिन क्लायंटचे शेअर घेण्याआधी

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

थिन क्लायंट बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यावेत, असं सुचवणारं तुझं टिपण दोनदा वाचलं. थिन क्लायंट म्हणजे स्वतः फारसं काम न करता दूरच्या सर्व्हरवर चाललेलं काम पडद्यावर दाखवणारा छोटा संगणक. हा डबा किती स्वस्त पडतो, वीज किती कमी खातो, हे छान मांडलंस. पण त्या डब्यावर दिसणारं काम चालतं कुठे आणि ते चालवायचा परवाना कोणाच्या हातात आहे, यावर एक ओळही नाही. माझा जीव तिथेच अडकलाय.

१९९५ मध्ये सिट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीने मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, परवान्यावर घेऊन विनफ्रेम हे सॉफ्टवेअर आणलं. एका सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, तारेवरून जाणार फक्त पडद्याचं चित्र आणि कीबोर्ड-माउसच्या हालचाली. त्यामुळे जुनाट पीसीही चालून जायचा. ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांचा डाव निराळा होता. विंडोजच नको, ५०० डॉलरचा नेटवर्क कॉम्प्युटर घ्या. सन मायक्रोसिस्टिम्सनेही जावा या आपल्या प्रोग्रामिंग भाषेवर चालणारं तसंच यंत्र, जावास्टेशन, आणलं. पण लोकांची रोजची कामं विंडोजमध्ये रुतलेली होती, त्यात पीसीच १,००० डॉलरच्या खाली आले. तो डाव फसला.

म्हणजे सिट्रिक्सचा रस्ता बरोबर होता. तरीही फेब्रुवारी १९९७ मध्ये काय झालं बघ. अनेकांनी एकत्र वापरायचं विंडोज आम्हीच बनवू शकतो, असं मायक्रोसॉफ्टने कळवलं आणि सिट्रिक्सच्या शेअरचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला. मालात खोट नव्हती, गिऱ्हाईक पळालं नव्हतं. मे महिन्यात करार झाला. मायक्रोसॉफ्टने तंत्रज्ञानापोटी ७.५ कोटी डॉलर दिले, आणखी १० कोटींपर्यंत द्यायचं कबूल केलं. सिट्रिक्सने पुढे मायक्रोसॉफ्टच्या त्या विंडोजवर चढवायचं मेटाफ्रेम हे सॉफ्टवेअर विकलं आणि ती वाढली. त्या दिवशी ज्यांनी शेअर विकले त्यांना मी अजूनही नावं ठेवत नाही. करार होईलच, हे त्यांना कुठून कळणार?

डबे बनवणाऱ्यांपैकी निओवेअर २००७ मध्ये एचपीने घेतली, वाईज २०१२ मध्ये डेलने. आणि २०२१ पासून मायक्रोसॉफ्ट विंडोज ३६५ नावाने अख्खा पीसीच स्वतःच्या क्लाउडवरून भाड्याने देते. तो ब्राउझरमध्येही उघडतो, मग खास डबाच कशाला, असं गिऱ्हाईक विचारणारच.

म्हणून पैसे गुंतवायची घाई करू नकोस, बाळा. कंपनीच्या वार्षिक अहवालातलं जोखमीचं प्रकरण आधी वाच. डब्यातलं सॉफ्टवेअर कोणाचं, करार किती वर्षांचा आणि तो मोडायचा अधिकार कोणाला, एवढं कागदावर उतरवून रविवारी फोन कर. भावाचं मग बोलू.

तुझी,
आई