मिरजेच्या मेस्त्री काकांना, १८ अंश पाण्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

पाळायच्या जनावराच्या टाकीतलं पाणी थंड ठेवायची सोय करून घ्यायला मार्चमध्ये मी तुमच्या दुकानाची पायरी चढले, त्याआधी दोन ठिकाणांहून परत फिरले होते. ‘मासे गरम पाण्यातच जगतात, बाई,’ एवढंच उत्तर मिळालं होतं. तुम्ही मात्र हातातला पाना खाली ठेवलात आणि विचारलंत, ‘जनावर कुठलं? केवढं होतं?’

ॲक्सोलॉटल, मी म्हणाले. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला सॅलामँडर. वीतभर, कधी फूटभर होतो, मोठेपणीही कल्ले टाकत नाही, जन्मभर पाण्यातच राहतो. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. आपल्या सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडला तर पाणी दोन-चार अंश उतरतं, पण आषाढातल्या दमट हवेत तेही होत नाही.

तुम्ही कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा जुना कूलर दाखवलात. मी घाबरून सांगितलं की तांबं पाण्यात उतरलं तर उभयचरांना विष होतं. तेव्हा तुम्ही पत्रा उघडून समजावलंत : तांब्याची नळी स्टीलच्या टाकीला बाहेरून गुंडाळलेली असते, पाण्याला लागत नाही. पितळी तोटी मात्र तुम्ही स्वतःहून काढलीत आणि प्लॅस्टिकची बसवलीत. पितळेतही तांबंच, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तीन फुटांची, १९० लिटरची टाकी. मागून आणि बाजूंनी थर्मोकोल लावायला तुम्हीच सांगितलंत. ‘पावसाळ्यात पुढची काच घामेजणार, प्लायवूड फुगेल,’ म्हणून स्टँड लोखंडी अँगलचा केलात. जूनमध्ये काच खरोखरच निथळत होती.

त्यानंतरचे सहा आठवडे टाकी चालू, पण रिकामी. स्पंजच्या फिल्टरमध्ये जिवाणू रुजेपर्यंत थांबावंच लागतं : विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात, मग त्याचं नायट्रेट, आणि पहिली दोन्ही जनावराला घातक. दर रविवारी तुमचा फोन यायचा, ‘पाहुणे आले का?’ तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, तेव्हाच पुण्याहून पिल्लू आणलं. सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणीही केली. तळाला खडे घातलेले नाहीत. ते पाण्यासकट भक्ष्य ओढतं, त्यात खडाही पोटात जातो.

गांडुळांचा प्रश्नही तुम्हीच सोडवलात. तासगावच्या द्राक्षबागेतली मी आणणार होते. ‘तिथं फवारणी किती असते, ठाऊक आहे ना?’ म्हणून तुम्ही भावाच्या शेणखताच्या खड्ड्यातली डबाभर पाठवलीत. अजूनही पाठवता.

परवा दुपारी चार तास लाईट नव्हती. एअर पंप इन्व्हर्टरवर चालू होता, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे फ्रीजरमधल्या बर्फाच्या बंद बाटल्या एकेक करून पाण्यात सोडल्या. काटा १९ च्या वर गेला नाही. ॲक्सोलॉटल तळाशी शांत बसून होता, पिसांसारखे कल्ले हलवत. मला तुमची फार आठवण आली.

तुम्ही फक्त सामानाचे पैसे घेतलेत. मजुरी विचारली तर विषय बदललात. ते माझ्या मनातून जात नाही. येत्या रविवारी काकूंना घेऊन विश्रामबागला या. त्या दिवशीचं गांडूळ तुमच्या हातानं द्यायचं ठेवलं आहे.

तुमची,
सांगलीची एक शिक्षिका